नान्नजच्या माळावरून मार्डीकडं

सोलापुरातून बार्शी रस्त्यानं निघालं की तासाभराच्या आत नान्नज येतं. पाऊस नुकताच सरला होता. कुसळी गवत गुडघ्याला लागत होतं आणि निरीक्षण मनोऱ्यापाशी पोचेपर्यंत कुसळं पँटमधून आरपार टोचायला लागली. समोर काळविटांचा कळप निवांत चरत होता. माळढोक पक्षी काही दिसला नाही. आता तो दिसतोच क्वचित.

१९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. गावं, शेतं, रस्ते, सगळं त्यात. नंतर ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. पण खरा माळ उरलाय तो तुकड्यातुकड्यांनी. इथं वनखात्याचा प्लॉट, तिथं गायरान, मधे ऊस आणि द्राक्षबागा. लांडग्याचं एका तुकड्यावर भागत नाही. एका रात्रीत तो कितीतरी कोस तुडवतो.

म्हणून हे तुकडे जोडणारी वाट कुठून जाईल ते बघायला मार्डी गावाच्या दिशेनं ओढ्याकाठानं चालत गेलो. ओल्या वाळूत नखांसकट उमटलेले ठसे होते. लांडग्याचे की गावातल्या कुत्र्याचे, सांगणं अवघड. पुढं एका रानाला जुन्या साड्यांचं कुंपण होतं. ज्वारी नुकतीच उगवून आली होती. रानातल्या शेतकऱ्याला विचारलं,

"मामा, लांडगा येतो का इकडं?"

"येतो की. मेंढरं बसवली की हमखास येतो. पर आमचा खरा तरास हरणांचा. कवळी ज्वारी ठेवत न्हाईत."

वन्यजीवांचा मार्ग म्हटलं की आपल्याला पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळच्या महामार्गावरचे पूल आठवतात, ज्यांच्या खालून प्राणी जातात. तिथला सगळ्यात लांब पूल ७५० मीटरचा आहे, आणि वाघांसाठी तो हवाच होता. सोलापूरला मात्र गायरान आणि ओढ्याचं पात्र आधीच सार्वजनिक मालकीचं आहे. ते अतिक्रमणापासून राखलं, तर पैसा लागतो फक्त मधल्या चिंचोळ्या खासगी जागांना. अमेरिकेत मोंटानामध्ये ग्रिझली अस्वल आणि वुल्व्हरिन (मुंगसाच्या जातकुळीतला नव्हे, पाणमांजराच्या कुळातला एक शिकारी प्राणी) यांच्यासाठी संशोधकांनी असाच हिशोब संगणकावर मांडला होता. जमिनीची किंमत आणि प्राण्याची सोय एकत्र धरायची. सर्वोत्तम वाटेचा हट्ट थोडा सोडला की खर्च बराच उतरतो. इथंही लांडगा, काळवीट आणि खोकड (लहान कोल्हा) यांच्या वाटा एकत्रच आखायला हव्यात.

आणि कळकळीनं सांगतो, त्या वाटेवर झाडं लावू नका! माळाला गवतच हवं. दाट झाडीत काळवीट शिरत नाही, माळढोक तर नाहीच नाही.

निघताना मामांना विचारलं, ओढ्याकडेचा पट्टा पड ठेवायचं भाडं मिळालं तर?

"ठेवू की. पर पैसं पेरणीच्या आधी हातात पडलं पायजेत. नुसकानीच्या पंचनाम्यासाठी हेलपाटं लई घातलं."