हमामात्सूहून मोतेगीला : लहान इंजिनांच्या शर्यतीच्या गाड्या पाहताना

जपानला निघण्याच्या आदल्या आठवड्यात मामांनी स्वयंपाकघरातल्या एका वाटीत चहाचे पाच चमचे पाणी मोजून ओतले आणि ती वाटी माझ्यापुढे ठेवली. चमचा पाच मिलिलिटरचा धरला तर ते पाणी २५ सीसी भरते, आणि होंडाच्या १९६६ च्या ५० सीसी शर्यतीच्या गाडीतील एका सिलिंडरचे माप जवळपास तेवढेच आहे. मामांची ३५ वर्षे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर गेली. वाटीतल्या पाण्याएवढ्या जागेवर वायू आत घेणारे आणि बाहेर सोडणारे चार व्हॉल्व्ह कसे बसवले असतील, हे त्यांना एकदा डोळ्यांनी पाहायचे होते. आमच्या सहा दिवसांच्या प्रवासाचे मूळ एवढेच होते.

अशा गाड्या पाहायला जाणारे बहुतेक लोक टोकियोहून थेट होंडाचे संग्रहालय असलेले मोतेगी गाठतात. माझा आग्रह असा, की आधी हमामात्सूला जावे. सुझुकीचे मुख्यालय याच शहरात आहे, होंडाची सुरुवात येथेच झाली आणि यामाहाचे इवाता शेजारीच आहे. नोझोमी ही सर्वांत वेगवान शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) हमामात्सूला थांबत नाही, म्हणून हिकारी किंवा कोदामाचे तिकीट घ्यावे. हिकारी काढताना ती तेथे थांबते ना, हेही पाहावे, कारण सगळ्या हिकारी थांबत नाहीत. सुझुकीचे इतिहास-संग्रहालय ताकात्सुका स्थानकापासून चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. प्रवेश विनामूल्य असला तरी आगाऊ नोंदणी लागते आणि सोमवारी ते बंद असते. नोंदणी भारतातूनच करून ठेवावी, आयत्या वेळी हवी ती वेळ मिळेलच असे नाही.

१९०९ साली हातमाग-यंत्रमाग बनवणाऱ्या कारखान्यापासून सुरू झालेली ही कंपनी १९५२ मध्ये सायकलीला ३६ सीसीचे इंजिन लावते आणि पुढच्या दहा वर्षांत जगज्जेती होते. या झेपेमागे एका माणसाचे पलायन आहे. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीचा स्वार एर्न्स्ट डेगनर १९६१ मध्ये स्वीडनच्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे निघून गेला आणि वाल्टर काडेन या अभियंत्याने घडवलेली टू-स्ट्रोकची, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला स्फोट होणाऱ्या इंजिनाची, विद्या त्याच्याबरोबर सुझुकीकडे आली. चकती फिरवून वायू आत घेणे आणि सायलेन्सरच्या फुगीर नळीत उठणाऱ्या दाबाच्या लाटेने निसटू पाहणारा वायू परत सिलिंडरमध्ये ढकलणे, हे त्या विद्येचे सार होते. १९६२ मध्ये ५० सीसी गटाची पहिलीच जागतिक स्पर्धा डेगनरने सुझुकीवर जिंकली. पुढच्या वर्षी मित्सुओ इतो याने ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅन बेटावरची ५० सीसी शर्यत जिंकली. डेगनरच्या वागण्याचा न्याय करणे मला जमत नाही. काडेनचे श्रेय मात्र प्रत्येक टू-स्ट्रोकप्रेमीने आठवणीत ठेवावे, असे मनापासून वाटते.

याच वाटेने जाऊन सुझुकीने १९६७ मध्ये आरके६७ ही दोन सिलिंडरची ५० सीसी गाडी आणली. तिची शक्ती साधारण १७.५ अश्वशक्ती होती. आपल्याकडे यामाहाच्या ज्या आरएक्स १०० वर एक पिढी जीव टाकत होती, तिचे ९८ सीसीचे इंजिन सुमारे ११ अश्वशक्तीचे होते, हे शेजारी ठेवून पाहावे. अर्थात त्याची किंमत होती. ही शक्ती इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या फार अरुंद पट्ट्यातच मिळे, त्या पट्ट्याखाली इंजिन उतरले की गाडी जणू मरून जाई, आणि म्हणून आरके६७ ला १४ गिअर होते. मामा हा आकडा ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, चौदा गिअरचे दाते कापणे एक वेळ जमेल, पण वळणावर असताना आपण कितव्यात आहोत हे त्या स्वाराने लक्षात कसे ठेवले असेल?”

इवाता हमामात्सूहून लोकल गाडीने दहा-बारा मिनिटांवर आहे. स्थानकापासून यामाहाच्या कम्युनिकेशन प्लाझापर्यंत आम्ही टॅक्सी केली. प्रवेश येथेही विनामूल्य आहे, परंतु सुट्या कंपनीच्या दिनदर्शिकेप्रमाणे असतात, तेव्हा तारीख पडताळूनच निघावे. १९५५ ची वायए-१, जिला जपानी लोक लाल चतुर म्हणतात, ती पाहून पुढे शर्यतीच्या गाड्यांकडे वळावे. फिल रीडने १९६४ आणि १९६५ मध्ये २५० सीसीचे अजिंक्यपद जिंकले ती आरडी५६ हवेने थंड होणारी, दोन सिलिंडरची, दिसायला साधी गाडी आहे. तिच्यानंतरच्या व्ही आकाराच्या चार सिलिंडरच्या गाड्यांची गुंतागुंत पाहिली, की तीन-चार वर्षांत स्पर्धा किती तापली होती याचा अंदाज येतो. १२५ सीसीची अशी गाडी ४० हून अधिक अश्वशक्ती देत होती.

मोतेगी तोचिगी प्रांतात, डोंगरात आहे. टोकियोहून उत्सुनोमिया हे शहर शिंकान्सेनने पाऊण-एक तासावर आहे. पुढे बसने साधारण दीड तास लागतो आणि बसच्या फेऱ्या मोजक्याच असतात. आम्ही पहिल्या दिवशी बसने गेलो आणि परतीच्या बससाठी संग्रहालय अर्धवट सोडून उठावे लागले. दुसऱ्या दिवशी उत्सुनोमियाहून मोटार भाड्याने घेतली आणि तोच मार्ग योग्य होता. आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना जपानमध्ये चालतो आणि वाहतूकही आपल्यासारखीच डाव्या बाजूने असते. मूळ भारतीय परवाना व पारपत्र मात्र सोबत असू द्यावे.

होंडाचे संग्रहालय मोतेगीच्या शर्यतमार्गाच्या आवारातच आहे. १९९८ मध्ये उघडलेले हे दालन २०२४ मध्ये नव्या मांडणीसह पुन्हा खुले झाले. मांडलेल्या गाड्या अधूनमधून बदलतात, त्यामुळे एखादी विशिष्ट गाडी पाहायची असल्यास आधी चौकशी करावी. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांतून एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला. होंडाने फोर-स्ट्रोक न सोडता लढायचे ठरवले होते, म्हणजे फेरे वाढवणे भागच होते. फेरे वाढवायचे तर पिस्टनचा प्रवास आखूड हवा, आणि प्रवास आखूड करायचा तर सिलिंडर लहान व संख्येने जास्त हवेत. ५० सीसीच्या आरसी११६ मध्ये ३५.५ मिलिमीटर व्यासाचे आणि २५.१४ मिलिमीटर स्ट्रोकचे (म्हणजे पिस्टनच्या प्रवासाचे) दोन सिलिंडर आहेत. ते इंजिन मिनिटाला २१,५०० फेऱ्यांवर १४ अश्वशक्ती देई. हाच सिलिंडर पाच वेळा शेजारी मांडला की १२५ सीसीची आरसी१४९ तयार होते : पाच सिलिंडर, वीस व्हॉल्व्ह, २०,५०० फेऱ्यांवर ३४ अश्वशक्ती. लुइजी तावेरीने १९६६ चे १२५ सीसीचे अजिंक्यपद तिच्यावर जिंकले. त्याच वर्षी ५० पासून ५०० सीसीपर्यंतच्या पाचही गटांत उत्पादकांचे विजेतेपद होंडाकडे गेले.

मामांनी खिशातली वही काढून हिशेब मांडला. २१,५०० फेऱ्यांना पिस्टनची सरासरी गती सेकंदाला १८ मीटर येते. “म्हणजे पिस्टनला फार पळवलेलेच नाही,” ते म्हणाले, “त्याचा रस्ता आखूड केला.” इतकी वर्षे वाचूनही ही गोष्ट मला इतकी स्वच्छ कधी दिसली नव्हती. आरसी११६ च्या पुढच्या चाकाजवळ वाकून पाहावे. वजन वाचवण्यासाठी तेथे सायकलीसारखे, रिमला चिमटा घेणारे ब्रेक आहेत. मागच्या बाजूनेही अवश्य पाहावे, कारण माइक हेलवुडने १९६६ आणि १९६७ मध्ये अजिंक्यपद मिळवलेल्या २५० सीसीच्या आरसी१६६ ची खरी रुंदी तिच्या धूर सोडणाऱ्या सहा उघड्या नळ्यांवरूनच कळते.

संग्रहातील गाड्या चालत्या राहाव्यात म्हणून येथे अधूनमधून त्यांची मार्गावर चाचणी घेतली जाते आणि ती लोकांना पाहता येते. आमच्या दुसऱ्या दिवशी तशी चाचणी होती. सहा सिलिंडरची २५० ढकलून सुरू केली आणि कामगाराने थ्रॉटल क्षणभरही स्थिर ठेवला नाही, कारण खालच्या फेऱ्यांवर हे इंजिन तग धरत नाही. मग ती सरळ रस्त्यावर गेली. तो आवाज गडगडाटाचा नव्हता. जाड रेशीम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाडत न्यावे तसा तो चढत गेला. मामांनी टोपी काढून हातात धरली होती. कानांत घालायचे बोळे जवळ ठेवावेत, गाडी तापवतानाचा आवाज जवळून सोसवत नाही. पण गाडी मार्गावर गेल्यावर ते काढावेत.

शाकाहारी मंडळींनी दशम्या, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी न्यावी, कारण तिकडच्या साध्या रश्श्यातही माशाचा अर्क असतो. आवारात येण्याचे आणि मोटार उभी करण्याचे शुल्क आहे. मोठ्या शर्यतीच्या दिवशी तिकिटे वेगळी असतात आणि गर्दीमुळे संग्रहालय निवांत पाहता येत नाही. चाचणीच्या तारखा आधी जाहीर होतात. त्यांतली एक धरूनच विमानाची तिकिटे काढावीत. आम्ही तिकिटे आधीच काढली होती आणि तारीख केवळ योगाने जुळली. हमामात्सू-इवातासाठी दोन दिवस पुरतात, मोतेगीला मात्र दोन पूर्ण दिवस हवेत.