स्विफ्टचं सस्पेन्शन घरी केलं, आणि गाडी एक इंचही खाली न करता

कुणी हँडलिंगबद्दल, म्हणजे गाडी वळणात कशी वागते याबद्दल विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, लोअरिंग स्प्रिंग टाक, म्हणजे गाडी खाली बसवणारी स्प्रिंग. मला हे अजिबात पटत नाही आणि आज ते नीट लिहूनच काढतो. आपल्या रस्त्यांवर गाडी चांगली वळायला हवी असेल तर आधी शॉकर, माउंट (शॉकर वर जिथे बॉडीला बसतो तो भाग), बुश (सांध्यातलं रबर) आणि टायर ठणठणीत करा, स्प्रिंगला हात लावायची वेळ बहुतेकांवर येतच नाही.

माझी 2013 ची पेट्रोल स्विफ्ट आहे, मी साताऱ्यात राहतो, त्यामुळे पसरणी घाट, कास आणि पुण्याहून जाता येता खंबाटकी हे सगळं नेहमीचं. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर पुण्याच्या दिशेने जे एस आकाराचं वळण आहे तिथे गाडी आधी एकीकडे कलते आणि लगेच दुसरीकडे, आणि शॉकर थकलेले असले की ती दुसऱ्या बाजूला बसायला वेळ लावते, तोवर स्टिअरिंग सारखं थोडं थोडं सावरत बसावं लागतं. लोक याला गाडी सॉफ्ट आहे म्हणतात. पण सॉफ्ट स्प्रिंग आणि मेलेला शॉकर यात फार फरक आहे.

स्प्रिंगचं काम वजन पेलायचं आणि धक्का साठवायचा. साठवलेला धक्का संपवायचं काम शॉकरचं, त्यातलं ऑइल बारीक छिद्रांतून आणि व्हॉल्व्हमधून ढकललं जातं आणि धक्क्याची उष्णता होऊन जाते. ऑइल गळलं किंवा व्हॉल्व्ह झिजले की स्प्रिंग एकटीच नाचत राहते. बोनेट दाबून सोडायची जी टेस्ट सगळे करतात ना, तिच्यात फक्त पूर्ण गेलेला शॉकर सापडतो, अर्धा गेलेला पास होतो. त्यापेक्षा टायरवरून हात फिरवा, कडेला उंचसखल पॅच लागले तर शॉकर नक्की बघून घ्या. गॅसवाले शॉकर घ्यायचं कारण पण एवढंच की आत दाबाखाली नायट्रोजन असल्यामुळे ऑइलला फेस कमी येतो, खराब रस्त्यावर सलग चालवलं तरी पकड टिकते.

आता गाडी खाली करण्याचं गणित बघा. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची, 170 मिमी. लोअरिंग स्प्रिंगने साधारण 30 मिमी गेले की उरले 140, त्यात चार माणसं आणि डिकीत सामान, आणि पुढे आमच्याकडचे गतिरोधक, जे कुणी कोणत्या मापाने बांधलेत देव जाणे. शिवाय चाकाला वर जायला जी जागा असते तीही तेवढीच कमी होते, म्हणजे खड्ड्यात सस्पेन्शन थेट बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडथळ्यावर आदळतं आणि त्या क्षणी टायर रस्ता सोडू शकतो. वळणात खड्डा आला तर हे हँडलिंग सुधारलं की बिघडलं? आणि स्प्रिंग कापून घेणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, करू नका. वेढे कमी केले की स्प्रिंग कडक होते पण शॉकर तोच राहतो, कापलेलं टोक स्प्रिंगच्या बैठकीत नीट बसत नाही आणि चाक पूर्ण खाली लटकलं की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते.

मी पुढचे दोन्ही शॉकर, वरचे माउंट, बंप स्टॉप, लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला शॉकरशी जोडणारी दांडी), लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणारा हात) बुश आणि मागचे दोन शॉकर बदलले. घरच्या पार्किंगमध्येच, धाकट्या भावाला मदतीला घेऊन.

पुढच्या कामात सगळ्यात धोक्याची गोष्ट स्प्रिंग. गाडी हजार किलोच्या आसपास, त्यातलं साधारण साठ टक्के वजन पुढे, म्हणजे उभ्या गाडीतही पुढची एकेक स्प्रिंग पावणेतीनशे-तीनशे किलोचा भार घेऊन बसलेली असते, आणि शॉकर बाहेर काढला तरी ती त्यावर दाबलेलीच असते. वरचा मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार, लावल्याशिवाय सोडायचा नाही म्हणजे नाही. कॉम्प्रेसरचे दोन्ही हुक समोरासमोर, दोन्ही बाजू थोड्या थोड्या करत सारख्या आवळायच्या, तोंड कधी स्प्रिंगच्या टोकासमोर नाही. चांगला कॉम्प्रेसर मिळत नसेल तर सरळ अख्खा स्ट्रट (शॉकर आणि त्यावरची स्प्रिंग एकत्र) काढून ओळखीच्या गॅरेजमध्ये न्या, तेवढं काम त्यांच्याकडून करून घ्या आणि बाकीचं घरी करा, यात काहीही कमीपणा नाही. दुसरं म्हणजे गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, दोन्ही बाजूंना स्टँड आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे.

काढताना आधी ब्रेकचा होज आणि एबीएस असेल तर त्याची वायर स्ट्रटवरून मोकळी करा, मग लिंक रॉड, मग नकलचे (चाक ज्यावर बसतं तो भाग) दोन बोल्ट, आणि वरची बाजू सगळ्यात शेवटी, स्ट्रट एका हाताने धरून. लिंक रॉडचा नट गंजलेला असतो आणि पिन आतल्या आत फिरत राहते, म्हणून आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. नकल सुटल्यावर बाहेर कलंडते, तिला दोरीने बांधा, होजवर ताण येऊ देऊ नका.

मागची बाजू सोपी आहे. टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी आडवी तुळई, स्प्रिंग वेगळी आणि शॉकर वेगळा, कॉम्प्रेसर लागतच नाही. फक्त बोल्ट काढायच्या आधी बीमखाली जॅक द्या, नाहीतर बीम धाडकन खाली येतो.

आता जी गोष्ट गॅरेजमध्येही घाईत सुटते ती. लोअर आर्मच्या बुशमधलं रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटलेलं असतं, आर्म वरखाली झाला की रबर पिळ खातं. चाक लटकत असताना बोल्ट फायनल आवळला तर गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायम पिळलेलंच राहतं, ओल्या धुण्यासारखं, आणि नवा बुश लवकर फाटतो. म्हणून बोल्ट हाताने बसवायचे, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचे. त्यासाठी मी चाकांखाली जाड फळ्या ठेवून गाडी उंच घेतली.

मग लगेच अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. नकलचे बोल्ट निघाले म्हणजे कॅम्बर (चाकाचा उभा कल) हलला, कॅम्बर हलला की टो (चाकाचं आत-बाहेर वळलेलं असणं) पण हलतो. जुन्या जागेवर खडूची खूण केली तरी ती घरापासून अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत जाण्यापुरतीच धरा. मापांचा प्रिंट मागून घ्या, आधीचा आणि नंतरचा.

फरक काय पडला? गाडी कलते तेवढीच, स्प्रिंग त्याच आहेत ना, पण कलून झालं की तिथेच थांबते. पसरणीत वळणाच्या मध्ये ब्रेक लागला तरी नाक डुलत नाही. मागे आई बसते, तिला गतिरोधकावर दोनदा उसळायचं ते एकदाच झालं, आणि मला त्याचं जास्त समाधान आहे. किंचित टणक वाटते हळू चालवताना, ते मान्य.

पैसे उरले तर टायर बदला, स्टॅबिलायझर बारच्या (दोन्ही बाजूंची चाकं जोडून गाडीचं कलणं कमी करणारी दांडी) मागे आधी लागू नका. पुढचा बार जाड केला तर पुढून ओढणाऱ्या गाडीचं नाक वळणात आणखी बाहेर जायला लागतं. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बदलांवर मर्यादा घालतं, त्यामुळे असं काही मोठं करायचं असेल तर आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्यांना आधी विचारा. कंपनीच्याच मापाचे शॉकर टाकले तर गाडीच्या मूळ रचनेत बदल होतच नाही.

थोडे दिवस चालवल्यावर सगळे बोल्ट परत एकदा टॉर्क पान्याने तपासा, आणि खडबडीत रस्त्यावर काच खाली करून ऐका. टकटक आली तर पहिल्यांदा लिंक रॉडचा नट बघा, मग वरचा माउंट.