निशाणी १४

उलटतपासणी पाऊण तास चालली. त्यात बोल्टचा विषय एकदाही निघाला नाही.

माझा अशील चाकणकडच्या एका बोल्टच्या कारखान्यात क्वालिटीला होता. हीट ट्रीटमेंटनंतर, म्हणजे बोल्ट तापवून कडक केल्यावर, हार्डनेस न तपासताच, जुनेच आकडे चिकटवून सर्टिफिकेटं निघतात हे त्याच्या लक्षात आलं. त्याने ऑडिट समितीच्या अध्यक्षांना नावानिशी पत्र पाठवलं. दीड महिन्याने हातात कागद: आपल्या सेवेची गरज उरलेली नाही. बिचारा पत्राच्या उत्तराची वाट बघत घरी बसला. माझ्याकडे आला तेव्हा कोर्टात तक्रार दाखल करण्याच्या नव्वद दिवसांतले नऊ उरले होते.

"पण मॅडम, जागल्यांसाठी कायदा आहे ना?"

आहे की! गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठीचा, २०१४ चा. राष्ट्रपतींची सही होऊन पडून आहे, आणि लागू झाला तरी सरकारी कारभारापुरता. खासगीत कंपनी कायद्याचं कलम १७७. तक्रारदारावर सूड उगवला जाऊ नये याची तजवीज कंपनीनेच करायची, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. नोकरी गेल्यावर दाद कुठे मागायची, त्यावर ते कलम गप्प.

म्हणून आम्ही आपले १९७१ च्या पल्प कायद्याकडे, म्हणजे अनुचित कामगार प्रथा रोखणाऱ्या राज्याच्या कायद्याकडे वळलो. आकसाने कामावरून काढणं ही त्यात अनुचित प्रथा. पण त्या दारातून आत जायला माणूस 'कामगार' असावा लागतो. काम देखरेखीचं आणि पगार तेव्हाच्या दहा हजारांच्या मर्यादेच्या वर, तर तो बाहेर. हुद्दा काय लिहिलाय याला महत्त्व नाही, प्रत्यक्षात करतो काय ते बघतात.

सलग २३ लॉटचा तक्ता मी रात्री जागून केला होता. दशांशापर्यंत तेच ते आकडे! समोरच्या वकिलांनी ते पान उघडलंसुद्धा नाही. रजा कोण मंजूर करतं? "मॅनेजर. मी फक्त शिफारस करायचो." मेमो कोण देतं? "मॅनेजर." मी मनात म्हटलं, शाबास.

मग त्यांनी त्याच्या हातात निशाणी १४ दिली. त्याचंच पत्र, आम्हीच दाखल केलेलं. पहिलं वाक्य मोठ्याने वाचायला लावलं.

"मी सहा निरीक्षकांच्या कामावर देखरेख ठेवणारा जबाबदार अधिकारी आहे."

"सही आपलीच?"

"हो."

बस्स, एवढंच. ते खाली बसले.

ते पत्र मी दहा वेळा तरी वाचलं असेल. दर वेळी आकड्यांसाठी.

तो कामगार ठरला नाही, तक्रार फेटाळली. सर्टिफिकेटं खोटी होती की खरी, यावर निकालपत्रात एक ओळ नाही.

परवा एक मुलगी आली, दुसऱ्याच कारखान्यातली. तक्रार अजून पाठवली नव्हती, मसुदा घेऊन आली होती. मी पेन्सिल घेऊन पहिली ओळ खोडली. हाताखाली चौघे असल्याची.

"ती काढली तर मॅडम, ते माझं ऐकतील कशाला?"

मसुदा अजून माझ्याच टेबलावर आहे.