सिगारेटचा वास मुरलेल्या भिंतींना रंग देताना

वर्षानुवर्षं सिगारेट ओढली गेलेला फ्लॅट रिकामा केला, आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवल्या, तरी वास जात नाही. कारण तो हवेत नसतोच. निकोटिन आणि डांबराचा चिकट थर भिंतींवर, छतावर, पंख्याच्या पात्यांवर बसलेला असतो. खात्री करायची तर पांढरं सुती फडकं कोमट पाण्यात पिळून पंख्याच्या हुकाजवळ छतावर हातभर फिरवा. फडक्यावर चहाचा रंग आला की समजा. धूर वर जातो, म्हणून छताची अवस्था सगळ्यात वाईट असते, आणि रंगारी नेमकं छतच ‘नुसतं पांढरं मारून घेऊ’ म्हणत उरकतात.

हा थर पाण्यात सुटतो, खरी गोम इथे आहे. इमल्शन, वॉटर प्रायमर, डिस्टेंपर ही सगळी पाण्यातली कामं. ओला रंग खालचा पिवळेपणा ओढून घेतो आणि सुकता सुकता तो वर आणून ठेवतो. मग ‘अजून एक हात मारू’ सुरू होतं. पण प्रत्येक हाताबरोबर भिंतीला पुन्हा पाणीच मिळतं, आणि डाग पुन्हा डोकं वर काढतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की वासाचंही तेच.

म्हणून आधी धुणं. भिंतीवर जुनं डिस्टेंपर असेल तर धुण्याच्या भानगडीत पडू नका. ते भिजवून पत्र्याने लांबीपर्यंत (रंगाखालच्या पुट्टीपर्यंत) खरवडून काढा, निम्मा वास त्या लगद्याबरोबरच जातो. इमल्शन किंवा ऑइल पेंट असेल तर 5 लिटर कोमट पाण्यात 100 ग्रॅम धुण्याचा सोडा (खायचा नव्हे) विरघळवा. हातमोजे आणि चष्मा घाला, त्या खोलीचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाडा. भिंत खालून वर धुवायची. वरून सुरुवात केली तर तपकिरी पाणी कोरड्या भागावर ओघळतं आणि ते ओघळ नंतर निघता निघत नाहीत. मग साध्या पाण्याने वरून खाली दोनदा पुसून घ्या. सोडा भिंतीवर राहिला तर वरचा प्रायमर धरत नाही. बादलीतलं पाणी काळपट झालं की लगेच बदला, नाहीतर तीच घाण भिंतीला परत लावणं होतं. पंखे लावून किमान दोन दिवस वाळू द्या. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

भेगा, खिळ्यांची भोकं यांत लांबी आता भरायची, प्रायमरनंतर नाही. सिमेंटची पुट्टी ऑइल प्रायमरवर नीट बसत नाही. उलट ताजी पुट्टी पूर्ण वाळण्याआधी तिच्यावर ऑइल प्रायमर मारला तर तिच्यातला क्षार प्रायमर खातो आणि पोपडे सुटतात. लांबीवर पिवळट झाक आली तरी घाबरू नका, ती प्रायमरखाली बंद होते.

आता ऑइल प्रायमर (रंगाआधीचा, पाण्याऐवजी टर्पेंटाइनमध्ये कालवलेला थर), छतासकट एक सलग हात. दहा बाय बाराच्या खोलीला, छत धरून, साधारण पावणेपाचशे-पाचशे चौरस फूट होतात, त्याला चार-पाच लिटर लागतो. इथे एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा : टर्पेंटाइन किती घालतात. डब्यावर लिहिलंय तेवढंच. डबा पुरवायला प्रायमर ताकासारखा पातळ केला की त्याचा पापुद्राच धरत नाही, आणि वास अडवतो तो पापुद्राच. कपाटांच्या आतल्या उघड्या प्लायला, माळ्याच्या फळ्यांना चपडा लाख (पापड्यांच्या रूपातली लाख, शेलॅक) उत्तम. एक लिटर स्पिरिटला पाव किलो चपडा रात्रभर भिजत ठेवा आणि वरचं नितळ तेवढंच वापरा. तळाशी बसलेल्या मेणावर पुढचा रंग धरत नाही. सिमेंटच्या भिंतीवर मात्र लाख नको, क्षारात ती विरघळते.

स्पिरिट आणि टर्पेंटाइन दोन्ही पेट घेतात. गॅस बंद, अगरबत्ती नाही, देवघरातली समईसुद्धा त्या दिवशी विझवलेली. (बिडी ओढणाऱ्या रंगाऱ्यालाही हे बजावून सांगा.) दोन रात्री त्या खोलीत कोणी झोपू नये.

प्रायमर रात्रभर वाळला की 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, धूळ पुसा. लगेच सगळीकडे इमल्शन मारू नका. छताच्या सगळ्यात पिवळ्या कोपऱ्यात दोन बाय दोन फुटांवर दोन हात मारून एक दिवस थांबा. डाग उमटला तर तेवढ्या भागात प्रायमरचा दुसरा हात. नाही उमटला तर पुढचं काम नेहमीसारखंच.

रंग झाल्यावरही वास येत असेल तर पुन्हा भिंतीलाच दोष देऊ नका. एसीची जाळी आणि आतली कॉइल, पंख्याची पाती, स्विचबोर्डाच्या प्लेटा, डासांच्या जाळ्या, पडद्यांचे रॉड हुंगून बघा. पडदे आणि गादी धुऊन-वाळवून सुधारत नसतील तर टाकून द्या. कापसाच्या गादीतला वास कुठल्याच प्रायमरने बंद होत नाही.