लॉक स्क्रीनवरचा डॉनर्सटाग

गुरुवारी सकाळी शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपच्या मालकांचा फोन आला, तेव्हा राजारामपुरीतल्या माझ्या दुकानाचे शटर अर्धेच वर गेले होते. त्यांच्याकडे कास्टिंगची मापे तपासणारे सीएमएम यंत्र आहे. वापरलेले, पण उत्तम स्थितीतले, जर्मनीहून संगणकासह आणलेले. रात्री वीज गेली, यूपीएसच्या बॅटरीनेही मान टाकली, आणि वीज परत आल्यापासून संगणक पासवर्ड घेत नव्हता. मापांच्या अहवालाअभावी तयार माल दारात अडून होता.

पंचगंगेचा पूल ओलांडून मी तिथे पोहोचलो, तर संगणकापेक्षा माणसेच जास्त तापलेली. "ह्यानंच बदललाय बघा पासवर्ड, साहेब. पहाटं चारपतोर त्योच टाकत बसलोय मी," असे रात्रपाळीचा ऑपरेटर दिवसपाळीवाल्याकडे बोट दाखवून सांगत होता आणि तो बिचारा आईची शपथ घेत होता.

पडद्यावर वाराच्या जागी 'डॉनर्सटाग' असे जर्मन भाषेत झळकत होते, म्हणजे गुरुवारच. मालकांना याचे नवल वाटत होते, कारण यंत्र बसवणाऱ्या तंत्रज्ञाने विंडोज इंग्रजी करून दिले होते आणि रोजचे काम इंग्रजीतच चालत असे. पुढे त्यांनी अनोळखी खुणांचा जर्मन कीबोर्ड काढून बाजारातला साधा कीबोर्ड जोडला. तेव्हापासून संगणक पूर्ण बंद असा झालाच नव्हता. पाळी बदलताना तो नुसता लॉक केला जाई.

पासवर्डमध्ये एक वाय आणि एक @ होते. मी तो चौकटीत टाकला आणि शेजारची डोळ्याची खूण माउसने दाबून धरली. वायच्या जागी झेड उमटले होते, @ च्या जागी दुहेरी अवतरणचिन्ह. मी दोघाही ऑपरेटरांना जवळ बोलावून ते दाखवले. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांच्या जागांची अदलाबदल असते, शिफ्टसह दोनचे बटण दाबले की अवतरणचिन्ह येते, आणि @ साठी उजवे ऑल्ट धरून क्यू दाबावा लागतो. पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसत असल्यामुळे रात्रभर हे कोणाच्या लक्षात येणे शक्यच नव्हते.

एरवी कोपऱ्यातल्या भाषेच्या खुणेवरून किंवा विंडोज आणि स्पेस ही बटणे एकत्र दाबून कीबोर्डची भाषा बदलता येते, पण इथे त्या पडद्याला जर्मनखेरीज दुसरी भाषाच दिलेली नव्हती. म्हणून मी वायसाठी झेड दाबला, @ साठी उजवे ऑल्ट आणि क्यू, आणि संगणक उघडला. जुना कीबोर्ड हाताशी असता तर त्यावरच्या छापील अक्षरांनी रात्रीच काम भागले असते. तो कधीच भंगारात गेला होता.

मूळ दुखणे असे, की कोणीही आत शिरण्यापूर्वी दिसणारा पडदा, म्हणजे वेलकम स्क्रीन, विंडोजच्या स्वतःच्या खात्यातून चालतो, आणि त्या खात्याची भाषा, कीबोर्ड व तारखेची पद्धत वापरणाऱ्याच्या खात्यापासून वेगळी ठेवलेली असते. आधीच्या तंत्रज्ञाने फक्त वापरणाऱ्याचे खाते इंग्रजी केले होते. कंट्रोल पॅनेलमधल्या 'रीजन'च्या 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह' टॅबवर 'कॉपी सेटिंग्ज'चे बटण असते; ते दाबल्यावर सध्याचे खाते, वेलकम स्क्रीन आणि नवीन खाती यांच्या नोंदी एकाखाली एक दिसतात. पहिल्या नोंदीत भाषा इंग्रजी, खालच्या दोन्हींत जर्मन. खाली दोन चौकोन असतात, एक वेलकम स्क्रीन व सिस्टीमच्या खात्यांसाठी आणि दुसरा नव्या खात्यांसाठी.

मी पहिल्यावरच खूण केली. दुसऱ्याचा मोह झाला होता, पण सध्याच्या खात्यात आकड्यांची पद्धत अजून जर्मनच होती, म्हणजे दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम. अहवालात 25.013 मिलिमीटरचे माप 25,013 असे छापले जाते आणि ते आपल्याकडचा माणूस पंचवीस हजार तेरा वाचतो, याची तक्रार क्वालिटीवाल्यांनी त्याच वेळी माझ्याकडे केली. तरीही मी त्याला हात लावला नाही. मोजणीचे सॉफ्टवेअर त्या स्वल्पविरामावर कितपत विसंबून आहे, हे यंत्र पुरवणाऱ्याला विचारल्याशिवाय बदल करणे मला धोक्याचे वाटले, आणि तोवर नव्या खात्यांचे घोंगडे भिजत राहिले तरी चालणार होते.

संगणक रीस्टार्ट केला. वार इंग्रजीत आला. खात्रीसाठी तो पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केला आणि पासवर्ड टाकायला रात्रपाळीवाल्यालाच बसवले. त्याने एकेक अक्षर जपून दाबले, डोळ्याची खूण धरून पाहिली, मगच एंटर मारला. संगणक उघडल्यावर तो दिवसपाळीवाल्याकडे न बघताच म्हणाला, "चल, च्या घिऊया."