पाणी जितकं गरम, तितकी खनिजं जास्त?

भूऔष्णिक साठ्यातलं, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेने तापलेल्या खडकातलं, पाणी जितकं तापलेलं, तितकी त्यात खनिजं जास्त विरघळतात ना? तुम्ही विचारलंत म्हणून सांगायचं तर, सिलिकापुरतं (वाळूत असते तीच) हे खरं आहे. कॅल्साइटचं (चुनखडीतलं खनिज) मात्र नेमकं उलट चालतं, आणि विहिरी व पाइप बुजतात ते बहुतेक या दोघांमुळेच.

आधी सिलिका. खडकातल्या क्वार्ट्झशी (सिलिकेचे स्फटिक) पाण्याचा समतोल झाला की एक किलो पाण्यात १०० अंश सेल्सियसला सुमारे ४८ मिलिग्रॅम सिलिका असते, २०० ला २६५ आणि २५० ला जवळपास ४९०. (इतक्या तापमानाला पाणी उकळत नाही, कारण खोलवर दाब भरपूर असतो, २५० अंशांसाठी निदान ४० बार लागतो.) म्हणूनच वर आलेल्या पाण्यातली सिलिका मोजून खालच्या साठ्याचं तापमान काढता येतं. पण नमुना घेताक्षणी गाळून त्याच्या एका भागात नऊ भाग ऊर्ध्वपातित पाणी मिसळा. तसं केलं नाही, तर थंड होताना सिलिकेचे रेणू एकमेकांना जोडले जातात, सिलिका मोजण्याच्या मॉलिब्डेट चाचणीत ते पूर्ण दिसत नाहीत आणि साठा आहे त्यापेक्षा थंड ठरतो.

पाणी निवलं म्हणून लगेच क्वार्ट्झ तयार होत नाही. ते फार सावकाश बनतं. पाइपात जमते ती अस्फटिक सिलिका, आणि ती विरघळते जास्त: १०० अंशांना किलोमागे ३६५ मिलिग्रॅम. आता हिशोब बघा. २५० अंशांचं पाणी १५० अंशांपर्यंत उकळू दिलं, तर पाचव्या हिश्शाहून थोडी जास्त वाफ निघते आणि उरलेल्या पाण्यात सिलिका ६२० च्या आसपास जाते. त्या तापमानाला अस्फटिक सिलिकेची मर्यादाही जवळपास तेवढीच. त्याखाली, १०० अंशांपर्यंत नेलं, तर पाण्यात ६९० आणि मर्यादा ३६५. मग थर बसणारच. जास्त वाफेच्या मोहापायी सेपरेटरचा (वाफ आणि पाणी वेगळं करणारं पात्र) दाब उतरवणं मला म्हणूनच पटत नाही. आम्ल घालून सामू ५ च्या जवळ आणला तर सिलिका जमण्याचा वेग मंदावतो, पण पोलाद गंजू लागतं.

खडकातलं दुसरं खनिज, फेल्डस्पार, नुसतं विरघळून जात नाही. त्यातून चिकणमातीची खनिजं बनतात, सोडियम-पोटॅशियमची अदलाबदल होते. त्या दोघांच्या गुणोत्तरावरूनही तापमान काढतात.

कॅल्साइटला विरघळलेला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतो. पाणी उकळायला लागलं की वायू वाफेबरोबर निसटतो, सामू चढतो आणि विहिरीत उकळीच्या खोलीच्या (जिथे पाणी उकळू लागतं ती खोली) जरा वर कॅल्साइटचा कठीण थर बसतो. उपाय असा: बारीक नळी उकळीच्या खोलीखाली सोडून थररोधक द्रव्य सतत थोडं थोडं द्यायचं. नळीचं तोंड उकळीच्या वर राहिलं तर द्रव्य पोचण्याआधीच थर बसलेला असतो. साठ्याचा दाब वर्षागणिक उतरला की उकळी आणखी खोल जाते, तेव्हा नळीही खाली सोडावी लागते.