माणसं दोन, सर्व्हिस पाच

कॉलेजची पोरं प्रोजेक्टसाठी भेटायला आली की चहा यायच्या आधीच विचारतात, "सर, मोनोलिथ की मायक्रोसर्व्हिस?" म्हणजे सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये ठेवायचं, की नेटवर्कवरून एकमेकांशी बोलणारे छोटे वेगळे प्रोग्रॅम पाडायचे. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

मी सांगलीत अडत दुकानांची सॉफ्टवेअर करतो. हळदीचा सौदा झाला की पोत्यांचं वजन होतं, हमाली-तोलाई वजा होते आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती, पडते. एवढंच काम. पण २०१४ साली मार्टिन फाउलर आणि जेम्स लुईस या सॉफ्टवेअरवाल्यांचा मायक्रोसर्व्हिसवरचा लेख आला, पुढे जो तो तेच बोलू लागला. मीही सौदा, वजन, पट्टी, खतावणी (कुणाचं किती येणं-देणं याची वही), एसएमएस अशा पाच सर्व्हिस पाडल्या, प्रत्येकीचा डेटाबेस वेगळा. माणसं किती? मी आणि एक पोरगा.

एप्रिलमध्ये एका दुपारी वळीव आला, लाईट गेली. परत आली तेव्हा पट्टी छापलेली, खतावणीत मात्र नोंदच नाही. पलूसकडचे एक मामा पट्टी हातात धरून उभे, आणि अडत्याच्या स्क्रीनवर त्यांचं येणं शून्य! दोन्ही नोंदी एकाच डेटाबेसच्या एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये असत्या, तर एकतर दोन्ही झाल्या असत्या नाहीतर एकही नाही. मीच हौसेनं मध्ये नेटवर्क आणून बसवलं होतं. त्या रात्री दिवाणजी आणि मी एकेक पट्टी ताडून बघत बसलो.

संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहिलंय की संस्थेतली माणसं जशी एकमेकांशी बोलतात, तशीच त्यांची सिस्टिम घडते. चार टीम असतील तर चार सर्व्हिस शोभतात. आम्ही दोघं तर एकाच टेबलावर डबा खातो.

आता एकच प्रोग्रॅम आहे. स्क्रीन, हिशेबाचे नियम, डेटाबेस असे तीन थर. पट्टीचं मॉड्यूल खतावणीच्या टेबलाला थेट हात लावत नाही, खतावणीच्या फंक्शनलाच सांगतं. एमव्हीसी, मायक्रोकर्नल वगैरे सॉफ्टवेअर रचनांची नावं परीक्षेपुरती पाठ करा.

एसएमएस तेवढा बाहेर ठेवलाय, कारण तो दहा मिनिटं उशिरा गेला तरी कुणाचं अडत नाही. 'पट्टी झाली' हा निरोप पट्टीच्याच ट्रॅन्झॅक्शनमध्ये एका टेबलात लिहायचा, तिथून रांगेनं पाठवायचा. यात निरोप हरवत नाही, पण दोनदा-तीनदाही जाऊ शकतो. पट्टीचा नंबर बघून पुढचे अडवायचे असतात, ते मी आधी विसरलो होतो. मामांचा फोन आला, "तीन मेसेज आलेत, पैसे तिप्पट मिळणार काय?"